दौलताबादचा दोनशे रुपयांचा टंका

वेरूळबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते दौलताबादच्या पायथ्याशी अंथरलेल्या एका गोणपाटाबद्दल.

किल्ला उतरत होते. पायांत गोळे आलेले, किल्ल्यातल्या ‘अंधारी’ या भुयारी वाटेतल्या वटवाघळांचा वास ओढणीला चिकटलेला, आणि आमच्या गाइडने महंमद तुघलकाला चौथ्यांदा ‘येडा बादशहा’ म्हणून हशा मिळवलेला. मी मुद्दाम इथे आले होते ते टांकसाळीपायी. विचारलं तर म्हणाला, “नोटा नाशिकला छापतात, ताई.”

अहो, पण हे गाव नाण्यांचं आहे! यादवांचे कमळाचे ठसे मारलेले सोन्याचे पद्मटंक तर होतेच. पुढे १३२९-३० च्या सुमारास तुघलकाने फर्मान काढलं, की ही पितळेची-तांब्याची नाणी चांदीच्या टंक्याच्या, म्हणजे तेव्हाच्या चांदीच्या नाण्याच्या, भावाने चालतील. ती दिल्लीत पाडली, धारला पाडली, बिहारात तिरहुतला, बंगालात लखनौतीला आणि इथेही पाडली. ‘तख्तगाह दौलताबाद’ असं त्यांच्यावर फारसीत कोरलेलं असे. वर ताकीदही: जो सुलतानाचं ऐकतो, तो ईश्वराचं ऐकतो. चीनमध्ये तर कागदाचा पैसा चालत होता, तेव्हा कल्पना वेडी म्हणवत नाही मला. घोडं पेंड खाल्लं ते ठशापाशी. नक्कल करता येणार नाही असं त्या नाण्यावर काहीच नव्हतं. पितळ, भट्टी आणि बरा हात असलेला सोनार, झालं काम. तेव्हाचा इतिहासकार बरनी लिहितो, की हिंदूंचं घर अन् घर टांकसाळ झालं. (चिडून लिहितो. मला मात्र वाचताना हसू येतं.) लोकांनी चांदी पुरून ठेवली आणि शेतसारा पितळेत भरला.

तर गोणपाट. त्यावर शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), कुलपं, नि १८१८ सालचं रामदरबाराचं ‘कंपनी सरकारचं’ नाणं, जे कंपनीने कधी पाडलंच नाही. ते पाहूनच मी पुढे जायला हवं होतं. पण कोपऱ्यात पिवळसर, फारसी अक्षरांचं एक पडलेलं.

“ओरिजिनल आहे ताई. शेतात घावलं.”

“दादा, खरं सांगा.”

“खोटं असतं तर पाचशे सांगितले असते.”

या युक्तिवादावर मी विरघळले. दोनशे दिले. शेजारच्या बाईकडे सीताफळांचा भाव करताना मात्र दहा रुपयांसाठी हुज्जत घातली, हेही कबूल करते.

पुण्यात आमच्या एका काकांना नाण्यांचा नाद आहे. त्यांनी भिंग लावलं आणि कड दाखवली: साच्याच्या दोन भागांची शिवण स्पष्ट दिसत होती. खरं नाणं ठशावर ठोकलेलं असतं, हे ओतीव. वजनही कमी, खरं ९ ग्रॅमच्या आसपास भरतं.

“१३३२ च्या सुमारास नेलं असतंस तर फायद्यात होतीस,” काका म्हणाले. “योजना फसल्यावर त्याने सगळी नाणी परत घेतली. खरी-खोटी निवडत बसला नाही, खजिन्यातून चांदी मोजली. दिल्लीजवळच्या तुघलकाबादेत पितळेचे ढीग पडले होते.”

“मग तुम्ही काय देता?”

“चहा,” काका म्हणाले, आणि काकूंना हाक मारली.