कॅप्सूल कोणाला, पाकीट कोणाला

२५ मे

मृग लागायच्या आत नाण्यांची फेरवाटणी उरकायला हवी, म्हणजे कोणतं नाणं कॅप्सूलमध्ये (कडक प्लॅस्टिकची गोल डबी), कोणतं होल्डरात (फिल्मची खिडकी असलेला घडीचा पुठ्ठा) आणि कोणतं प्लॅस्टिकच्या पाकिटात, हे पुन्हा ठरवायला हवं. होल्डरचा पुठ्ठा ओलावा धरतो. जुलैत बंद केलेल्या होल्डरात नाण्याभोवती ओला पुठ्ठाच बसतो, तर मे महिन्याच्या दुपारी तोच पुठ्ठा खडखडीत कोरडा असतो. मात्र त्या खोलीत कूलर चालू नको. बाहेर ४५ अंशांचं ऊन असलं तरी कूलरच्या ताट्यांमधून येणारी हवा दमट असते, आणि नाण्यांचं कपाट नेमकं त्याच खोलीत असलं तर नाण्यांना उन्हाळ्यातही पावसाळाच भोगावा लागतो.

सगळ्याच नाण्यांना स्वतंत्र होल्डर देणं परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. निवड करताना वय आणि भाव दोन्ही बाजूला ठेवावेत. नाणं हातात घेऊन एवढंच बघावं, की यावर अजून बिघडण्यासारखं काय उरलंय? गुळगुळीत झालेल्या राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या) रुपयावर केस, मुकुट, झग्याची नक्षी काहीच उरलेलं नसतं. ते ११.६६ ग्रॅमचं, ९१.७ टक्के चांदीचं कलदार चार जणांच्या हातांतून फिरलं तरी त्याचं काही जात नाही. उलट १९५७ चा एक नया पैसा बघा. १६ मिलिमीटरचा, दीड ग्रॅमचा, बाजारात फुटकळ समजला जाणारा. पण टांकसाळीतून निघतानाचा तांबूस रंग त्याच्यावर टिकून असेल, तर एका अंगठ्याच्या ठशाने तो रंग कायमचा जातो. घामातलं मीठ ब्राँझमध्ये उतरतं, काही आठवड्यांनी तपकिरी ठसा उठतो आणि मग तो निघत नाही. त्यामुळे या दोघांत होल्डरचा पहिला मान नया पैशाचा.

मूळ चमक ओळखायला एकच बल्ब पुरे. खोली अंधारी करून नाणं कडेने धरायचं आणि बल्बखाली हळूहळू फिरवायचं. टांकसाळीची चमक असेल तर उजेडाचे पट्टे मध्यातून कडेकडे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. चिंचेने किंवा भांड्याच्या पावडरीने घासलेलं नाणं सगळीकडून सारखं चमकतं, पट्टे फिरत नाहीत, आणि भिंग लावलं की एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. असं नाणं कितीही लखलखीत असलं तरी कॅप्सूलच्या रांगेत बसवू नये. त्याचा पृष्ठभाग आधीच गेलेला आहे.

दुसरी रांग बारीक खुणांच्या नाण्यांची. १८६२ चा राणीछाप रुपया घ्या. पुढे १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही साल १८६२ च राहिलं, आणि मुंबईच्या टांकसाळीने सालाखालच्या टिंबांच्या संख्येवरून वर्ष ओळखायची सोय ठेवली. ती टिंबं झिजली तर नुसता ‘१८६२ चा रुपया’ उरतो. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून पुढच्या वर्षी तो बदलला. या रुपयाची सगळी गंमत त्या इवल्याशा हत्तीत आहे. बाकी नाणं मध्यम असलं तरी टिंबं किंवा हत्ती स्पष्ट असेल तर पुठ्ठ्याचा होल्डर द्यावा. कॅप्सूलची गरज नाही.

रांगेतून वगळायची नाणीही ठरवून टाकावीत. माळेसाठी कडी डागलेले रुपये, आणि कडी काढून कड घासलेले. लक्ष्मीपूजनाला वर्षानुवर्षं हळदकुंकू आणि पंचामृत लागलेली नाणी. पूजेसाठी एक झिजकट कलदार कायमचं वेगळं काढावं, म्हणजे दिवाळीच्या दिवशी कोणी कपाटातला चांगला रुपया दुधाने धुणार नाही. आपल्याकडच्या घराघरांत चांगल्या नाण्यांचं सर्वांत जास्त नुकसान याच भाबड्या कौतुकाने होतं, आणि ते टाळणं इतकं सोपं आहे! गेंडाछाप २५ पैसे पोलादाचे. ३० जून २०११ पासून ते चलनातून गेले, तरी कोरे असतील तर त्यातले एक-दोन निवडून ठेवावेत आणि बाकीचे थप्पी लावून प्लॅस्टिकच्या नळीत.

कॅप्सूल द्यायच्या आधी काट्यावर ठेवावं. १९३९ च्या रुपयाच्या नकला पुष्कळ फिरतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. चांगल्या अवस्थेतला रुपया ११.६६ च्या आसपास येत नसेल तर तो आधी जाणकाराला दाखवावा. पण वजन जुळलं म्हणजे चांदी जुळली असं नाही. १९४० पासूनचा रुपया ५० टक्के चांदीचा आहे आणि त्याचंही वजन तेवढंच.

२६ मे

आज मापं. पुठ्ठ्याचा होल्डर ५० बाय ५० मिलिमीटरचा येतो, फरक असतो तो खिडकीचा. खिडकी नाण्यापेक्षा एक ते दोन मिलिमीटर मोठी घ्यावी. लहान घेतली तर पुठ्ठ्याची कापलेली कड नाण्याच्या काठावर बसते, फार मोठी घेतली तर नाणं आत सरकत राहतं. रुपया साडेतीस मिलिमीटरच्या थोडा वर जातो, त्याला ३२.५ ची खिडकी. पाव आणा २५.४, त्याला २७.५. भोकाचा पैसा (१९४३ ते १९४७) २१.३, त्याला २२.५. नया पैसा १७.५ मध्ये. १९६९ चं गांधींचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं ३४ मिलिमीटरचं, त्याला मात्र नेमक्या मापाची कॅप्सूलच घ्यावी. चौकोनी पाच पैसे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजावेत. मोजायचा व्हर्निअर कॅलिपर प्लॅस्टिकचा वापरावा, लोखंडी जबड्याने कडेला खूण पडते.

बंद करायची रीत अशी. तपशील आधी पेन्सिलीने लिहून घ्यायचा, नाणं आत असताना वरून बॉलपेन दाबायचा नाही. खिडकीच्या फिल्मवरचा पुठ्ठ्याचा कोंडा रबरी ब्लोअरने उडवायचा. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे बारीक तुषार बसतात आणि तांब्यावर पुढे तिथेच काळे ठिपके उठतात. नाणं कडेने धरून मधोमध ठेवायचं, घडी घालायची आणि तिन्ही उघड्या बाजूंना स्टेपलरची पिन मारायची, नाण्यापासून जितकी लांब तितकी बरी. मग प्रत्येक पिन पकडीने दाबून सपाट करायची. ही पायरी लोक हमखास सोडतात. होल्डर डबीत एकाशेजारी एक उभे राहतात, आणि वर आलेल्या पिनेचं टोक शेजारच्याची फिल्म फाडून नाण्यापर्यंत पोचतं. नाणं काढतानाही आधी पिना पूर्ण उपसायच्या. अर्धवट पिन ठेवून पुठ्ठा ओढला की तिचं टोक राजाच्या गालावरून जातं.

स्वतः चिकटणारे होल्डर दिसायला नेटके असतात, पण टिनाच्या छपराखाली ठेवू नयेत. मे महिन्यात त्यांचा डिंक पातळ होऊन आत सरकतो. आपल्याकडे पिनांचेच बरे.

प्लॅस्टिकबद्दल जास्त काळजी घ्यायला हवी. मऊ, लवचीक, नव्या रेक्झिनसारखा वास येणारे खिसे पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं, पीव्हीसी विघटित होताना आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. तांब्याच्या नाण्यांवर तर हा थर धातू खात खोल जातो. उष्णतेत हे सगळं झपाट्याने होतं, त्यामुळे थंड गावात बरीच वर्षं निभावलेला अल्बम आपल्या उन्हाळ्यात लवकर दगा देतो. शंका असेल तर खिशाचा कोपरा कापून अंगणात तपासावा. तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत लाल करायची, तुकड्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत न्यायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे तो खिसा टाकाऊ. धूर नाकात जाऊ देऊ नये. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनचे खिसे चालतात.

थर ताजा असेल तर शुद्ध ॲसिटोनने निघतो. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडचं घ्यावं. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात रंग, तेल, सुगंध असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवायचं, घासायचं नाही, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा काढून आपोआप वाळू द्यायचं. खिडकी उघडी आणि चूल, गॅस, विडी सगळं लांब. पुरतं वाळल्याशिवाय कॅप्सूलमध्ये घालू नये. बहुतेक स्वस्त कॅप्सूल पॉलिस्टायरीनच्या असतात आणि ॲसिटोन त्यांना धुरकट करतं.

२८ मे

शिवराई (मराठ्यांचं तांब्याचं नाणं), नागपूरकर भोसल्यांचे पैसे, सातवाहनांची शिशाची आणि पोटिनची (तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रधातूची) नाणी. यांना गोल कॅप्सूल बसतच नाही. कड वाकडी, जाडी जास्त. पुठ्ठ्याच्या होल्डरात घातली तर फिल्म ताणून फाटते. पॉलिप्रॉपिलीनचा दुहेरी खिसा किंवा खोल कॅप्सूलमध्ये पॉलिथिलीन फोमचं कडं, हेच दोन उपाय. रबराचं कडं नको, त्यात गंधक असतं.

शिशाचं नाणं लाकडी डबीत आणि पुठ्ठ्यात अजिबात ठेवू नये. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून सुटणारी आम्लाची वाफ शिशावर पांढरी भुकटी चढवते आणि नाणं आतून पोकळ होत जातं. नाण्याचा आदर म्हणून सागवानी पेटी करून घेतात, आणि शिशाला तिथेच सर्वांत जास्त धोका असतो. त्याला प्लॅस्टिकची कॅप्सूल, लोखंडी कपाट, आणि हात लावल्यावर साबण.

तांब्यावरचा हिरवा थर दोन प्रकारचा. गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा थर हे नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावू नये. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी, टूथपिकने सहज सुटणारी, आणि झटकून काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा येणारी, ती क्लोराइडची कीड. असं नाणं आधी वेगळं काढून झाकणाच्या वाटीत सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) ठेवावं, कारण भुकटी शेजारच्यावर पडायला नको. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पाणी बदलत राहावं. हे पाणी गावातल्या बॅटरीच्या दुकानात मिळतं, फक्त तिथे ॲसिडची बाटलीही तशीच दिसते, म्हणून लेबल वाचून घ्यावं. वाळवल्यावर दोन-तीन आठवडे नजरेखाली ठेवावं, भुकटी परतली नाही तरच होल्डर. रोगट नाणं घाईने कॅप्सूलमध्ये बंद केलं तर रोगच जपला जातो.

नांगरटीत वावरातून निघालेलं नाणं मात्र आपल्या वाटणीत धरायचं नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या पोटिन नाण्यांचा मोठा साठा निघाला, आणि तो अभ्यासकांपर्यंत पोचला म्हणूनच त्यातून राजांची नावं वाचता आली. असं नाणं धुवायचं नाही, वाटून घ्यायचं नाही, किती खोलवर आणि कशासोबत होतं ते लिहून तहसिलीत न्यायचं.

३० मे

कपाटाची जागा. गोठ्याला लागून असलेली भिंत नको, गोठ्यातला आणि युरियाचा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. कपाशी-संत्र्यावर फवारायचं गंधक ज्या कोठीत असतं तिथे चांदी काही महिन्यांत काळी पडते. चुलीचा धूर, रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र हेही गंधकवालेच. डांबराच्या गोळ्या पॉलिस्टायरीनला चिकट करतात, त्यामुळे साड्यांच्या कप्प्यात कॅप्सूल ठेवू नयेत.

कॅप्सूल म्हणजे हवाबंद डबी नव्हे. ओलावा सावकाश आत जातोच. म्हणून होल्डर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात नारिंगी रंगाच्या सिलिका जेलची कापडी पुरचुंडी, नाण्यांना न टेकवता. रंग बदलला की पुरचुंडी सोडून दाणे ताटलीत पसरून १२० अंशांवर दोनेक तास तापवावेत. ताटली स्वयंपाकाची नको. पोळ्यापर्यंत एकदा आणि नवरात्राच्या आधी एकदा बघितलं तरी पुरे. त्या वेळी पहिल्यांदा तांबं आणि शिसं तपासावं, चांदी शेवटी. पिनांवर गंज दिसला तर तेवढाच होल्डर बदलावा.