मोटर, मोबाईल आणि जागल : माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षी आमच्या गटाने शेतातल्या मोटरीचा मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारा डबा, हा विषय घेतला. ही वस्तू बाजारात मिळते. पण दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात तो बसवलेला आणि काही महिन्यांत बायपास केलेला मी पाहत आले होते. सर्किट चांगलं, सिम चालू, तरी माणूस अंधारात जाऊन हिरवं बटण हातानेच दाबतो. हे असं का, हे मला शोधायचं होतं. मी गाइड सरांना म्हटलं, आधी रब्बीत शेतावर बसून बघते, डबा नंतर बनवू. ते हो म्हणाले, पण एक अट घातली : नुसत्या गोष्टी आणायच्या नाहीत, मोजमापंही आणायची. या अटीचा मला फार उपयोग झाला. वहीच्या डाव्या पानावर माणूस काय करतो ते लिहायचं आणि उजव्या पानावर त्याच वेळी क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजणारं यंत्र) काय दाखवतो ते.

रब्बीत आमच्याकडे हरभरा आणि गहू ओलिताला असतो. थ्री फेज लाइन पाळीपाळीने येते, कधी दिवसा ८ तास, कधी रात्री. रात्रपाळीत बाबा सोबत यायचे, म्हणून मला बसता आलं. मुलींनी हे काम करायचं तर घरच्यांशी आधी नीट बोलून घ्यावं.

पहिला उलगडा डीपीजवळ, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळ, झाला. लाइन आली की ऑटोवर, म्हणजे आपोआप सुरू होण्यावर, ठेवलेल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. ५ एचपीची मोटर चालताना साधारण ७-८ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. एका डीपीवरच्या मोटरी एकत्र उठल्या की फ्यूज जातो आणि सगळ्यांचीच रात्र वाया जाते. म्हणून शेजाऱ्याशेजाऱ्यांनी आपसात ठरवून ऑटो बंद केले होते. डबा एका शेतकऱ्याला विकला जातो, पण लाइन सगळ्यांची असते. आम्ही मग प्रत्येक डब्याला लाइन आल्यावर वेगवेगळा वेळ थांबायला लावलं.

दुसरी गोष्ट शेजारच्या मावशींनी दाखवली. ओलित त्याच करतात. फोन काकांच्या खिशात, आणि काका बाजाराला. त्या म्हणाल्या, “मोटर चालू झाली थे समजलं वं पोरी, पण पाणी पडून रायलं का नाई थे सांगते का तुहा डबा?” फुटव्हॉल्व (पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप) गळका असला की पाइपातलं पाणी उतरतं, मोटर हवा धरते आणि नुसती फिरत राहते. तेव्हा कुणीतरी जाऊन पाइपात पाणी भरावंच लागतं. क्लॅम्प मीटर लावून पाहिलं, तर कोरड्या मोटरीचा करंट स्पष्ट खाली आलेला दिसला. पाण्याचा भार नाही, तर करंट कमी. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर वायरीतच होतं, ते कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

बाकी सर्किटचं थोडक्यात सांगते. करंट मोजायला सीटी (वायरीभोवती बसणारी कॉइल), मोटर चालू-बंद करायला एक रिले आणि मोबाईल नेटवर्कसाठी एक जीएसएम मॉड्यूल. हे मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, म्हणून त्याला शेजारी मोठा कपॅसिटर द्यावा लागतो. इंग्रजी एसएमएस आम्ही काढून टाकला. पाणी पडू लागलं की एक मिस्ड कॉल, मोटर कोरडी चालली तर ती बंद करून पुन्हा पुन्हा रिंग. आणि ज्यांच्याजवळ फोनच नाही त्यांच्यासाठी उंच बांबूवर दिवा, शेवटच्या धुऱ्यावरूनही दिसेल असा.

डबा दाखवून लोकांना “आवडला का?” असं कधी विचारू नये. आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. “लय मस्त हाय” एवढंच ऐकू येतं. जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेली वस्तू वापरायला किती सोपी हे मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली मी मराठीत करून नेली होती. तिच्यात एक विधान बाजूचं आणि एक विरुद्ध, अशी रचना असते. लोकांनी दोन्हींना “बरोबर हाय” म्हटलं. त्यापेक्षा “काल रात्री लाइन आल्यावर काय काय केलं?” असं विचारलं की माणूस हातवारे करून सगळं सांगतो. डबा हातात द्यावा, शिकवू नये, आणि तो काय करतो ते गुपचूप बघावं.

यातूनच सगळ्यात मोठी गोष्ट कळली. घरातूनच मोटर चालू झाली तर रात्रीचं जाणं वाचेल, असं प्रत्येक जाहिरात सांगते. एका काकांनी शांतपणे सांगितलं, “मोटरीसाठी नाई जात मी. जागलीले जातो.” जागल म्हणजे रात्रभर पिकाची राखण. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) एका रात्रीत हरभरा साफ करतात. लाइन दिवसा असो की रात्री, मळ्यावर झोपावंच लागतं. मोबाईल स्टार्टरने त्यांचं रात्रीचं जाणं चुकणार नव्हतंच. मात्र मळ्यावर झोपलेल्या माणसाला मोटर कोरडी पडल्यावर उठवणारी रिंग हवी होती. डब्याचं काम तेवढंच होतं आणि ते मोलाचं होतं.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, यात इंजिनिअरिंग किती आणि सर्व्हे किती? मी वही उघडून दोन्ही पानं समोर ठेवली. डाव्या पानाशिवाय सीटी कुठे लावायचा हे कळलं नसतं आणि उजव्या पानाशिवाय मावशींचं म्हणणं सिद्ध झालं नसतं. त्यांनी बराच वेळ वही चाळली.

ज्यांना हा रस्ता धरायचा आहे त्यांच्यासाठी : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतानाही एम. डेस. म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठीची सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा देता येते. ती आयआयटी मुंबई घेते. पहिला भाग संगणकावर, दुसऱ्यात हाताने रेखाटन आणि विचार मांडणं. खेड्यांच्या प्रश्नांवर तांत्रिक अंगाने काम करायचं असेल तर तिथेच १९८५ पासून चालणारं ‘सितारा’ हे केंद्रही आहे. मी सध्या सीडची तयारी करते आहे. रेखाटनाच्या सरावासाठी स्टार्टरच्या पेट्याच काढते, प्रत्येक विहिरीवरची वेगळी, लोकांनी तारा आणि सुतळीने आपापल्या सोयीने बदललेली.