तहाचे सर

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा असा निरोपही. लिहायचं खूप होतं. ग्रंथालयातल्या बाई, पावसाळ्यात गळणारा नववी 'ब', स्नेहसंमेलनाच्या तालमी. पण लिहायला बसले आणि सरांपाशीच थांबले. 'तहाचे सर' म्हटलं की आपल्यापैकी कुणालाच नाव सांगावं लागत नाही.

दरवर्षी ३१ डिसेंबरला सर आठवीच्या वर्गाला पारनाक्यावरून रांगेनं किल्ल्यात न्यायचे. १८०२ साली याच तारखेला दुसऱ्या बाजीरावानं वसईत इंग्रजांशी तह केला. त्याच्या चुलत आजोबांनी, चिमाजीअप्पांनी, १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून हीच वसई घेतली होती. "त्रेसष्ट वर्षं, मुलांनो," एवढंच म्हणून सर बराच वेळ तटाकडे बघत राहायचे.

पेशवाई १८१८ ला बुडाली असं पुस्तकात होतं. सर म्हणायचे, तो तर सुतकाचा दिवस, प्राण १८०२ लाच गेला होता. सहा पलटणींची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी लढाई नाही की बोलणी नाहीत. एकेक कलम ते आमच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे.

आमच्या वर्षी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. कुणी दौलतराव शिंदे झालं, कुणी यशवंतराव होळकर. माझ्या चिठ्ठीत बाजीराव निघाला आणि सगळा वर्ग "पळपुटा! पळपुटा!" म्हणून ओरडायला लागला. मला रडू आलं. सरांनी हात वर केला, तसे सगळे गप्प झाले.

"वयं माहीत आहेत का यांची? बाजीराव सत्तावीस, यशवंतराव पंचवीस, दौलतराव तेवीस. महादजी गेले, अहिल्याबाई गेल्या, तुकोजी गेले, १८०० मध्ये नानाही गेले. पाच-सहा वर्षांत घरातलं एकही वडीलधारं माणूस उरलं नाही. हडपसरला ऐन दिवाळीत लढाई झाली ती या पोरांची."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हडपसरला तुझी फौज हरली. तू सिंहगड, रायगड, महाड करत सुवर्णदुर्गाला पोचलीस. इंग्रजांचं जहाज न्यायला आलंय. यशवंतराव पुण्यात बसून परत या म्हणतोय. काय करशील?"

"मी परत जाईन," मी म्हटलं.

"मग तसं पत्र लिहून आण."

रात्री जागून पानभर पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी ते लाल शाईच्या पेनानं तपासलं. 'प्रिय यशवंतराव' खोडून वर लिहिलं, 'राजश्री यशवंतराव होळकर गोसावी यांसी'. पुढचा मजकूर वाचला, कागद माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "बाळ, विठोजीला विसरलीस."

विठोजी म्हणजे यशवंतरावांचा भाऊ. १८०१ मध्ये बाजीरावानं त्याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. वर्गात हे शिकवताना सरांचा आवाज जड व्हायचा. "आधी त्याचं बोल. ते बोलल्याशिवाय पुढचं एक अक्षर तो वाचणार नाही."

आज मी वकिली करते. करारमदार आणि वाटणीपत्रं हेच माझं काम. गेल्या वर्षी तीन पिढ्यांचा वाद असलेल्या दोन भावांच्या जमिनीचं प्रकरण माझ्याकडे आलं. समझोत्याचा मसुदा चार वेळा फिसकटला होता. पाचव्या वेळी मी क्षेत्रफळ, गटनंबर बाजूला ठेवले आणि थोरल्याला विचारलं, धाकट्याच्या मुलाच्या लग्नाला तुम्ही का गेला नाहीत? त्या दिवशी दोघं संध्याकाळपर्यंत बोलत बसले. सह्या नंतर आठ दिवसांनी झाल्या.

किल्ल्यात जायचं आता बंद झालंय असं ऐकलं. वर्गात पडद्यावर चित्रं दाखवतात म्हणे. वाईट वाटलं. सर असते तर परवानगीसाठी त्यांनी दहा खेटे घातले असते, पण मुलांना नेलंच असतं.

पत्र मी दुसऱ्यांदा लिहिलं. त्यावर सरांनी काहीच खोडलं नाही, खाली फक्त सही केली. दोन्ही कागद माझ्या कपाटात वकिलीच्या सनदेसोबत एकाच फायलीत आहेत. दुसऱ्या कागदावर मायन्यानंतरची पहिली ओळ आहे, 'विठोजींच्या बाबतीत आमच्या हातून अक्षम्य अपराध घडला.'