हुंकारा दिल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही

माझी आजी अमळनेर तालुक्यातली. बोरी नदीच्या काठच्या एका खेड्यात तिचे सारे आयुष्य गेले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी नातवंडे तिच्याकडे जमलो की रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, अंथरुणे पडत. तिच्या गोष्टींचा एक नियम होता. दर दोन-तीन वाक्यांनंतर ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचे. हुंकारा आला नाही तर ती थांबे, “जपी गया का रे?” (झोपलास का रे?) असे अहिराणीत विचारी आणि उत्तर नाही आले तर गोष्ट तिथेच सोडून स्वतःही कूस वळवी. सात भावांनी एकुलत्या एका बहिणीला रानात नेऊन सोडले, हा भाग आला की मला हुंकारा द्यावासा वाटत नसे, पण न द्यावा तर बहीण पुढे वाचली की नाही हे कळणार नसे. शेवटी अगदी बारीक आवाजात मी ‘हूं’ म्हणत असे आणि त्या भावांच्या पापात आपलाही थोडा वाटा आहे असे वाटून मला बराच वेळ झोप येत नसे.

आज चाळिशी ओलांडल्यावर मला व्हिडिओ गेममधल्या गोष्टी का रडवतात, याचे उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा त्या धाब्यावर जाऊन पोहोचतो. माझ्या पिढीच्या जळगावकरांना गेम म्हटले की तासाला दहा-वीस रुपये देऊन सायबर कॅफेत केलेली मारामारी आठवते, आणि त्यात गोष्ट असते हे सांगितले की ते हसतात. मी त्यांना दोष देत नाही, कारण मीही २०२१ साली एका ओळखीच्या मुलाकडून जुना प्लेस्टेशन ४ (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) विकत घेईपर्यंत तसेच समजत होतो. (पुढे काही गोष्टींचे शेवट सांगितले आहेत. ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी इथेच थांबावे.)

पहिला धक्का ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ने दिला. रॉकस्टार कंपनीचा हा गेम २०१८ साली आला. गोष्ट १८९९ सालच्या अमेरिकेतली आहे, आर्थर मॉर्गन हा एका दरोडेखोर टोळीतला दांडगा गडी तिचा नायक आहे आणि त्या टोळीचा एक सावकारीचाही धंदा आहे. गेमच्या सुरुवातीच्या टप्प्यातच टॉमस डाउन्स नावाच्या कर्जदाराच्या शेतावर वसुलीला जावे लागते. माणूस हडकुळा, खोकणारा, बायको-मुलगा असलेला. त्याला ठोसे मारायचे बटण पडद्यावर दिसते. मी कंट्रोलर खाली ठेवून आर्थरला नुसताच उभा ठेवून पाहिला, पण गोष्ट तसूभरही पुढे सरकेना. शेवटी मी बटण दाबले, आर्थरने त्याला मारले आणि त्या झटापटीत तो माणूस आर्थरच्या तोंडावर खोकला. एवढेच. त्यानंतर कित्येक तास घोड्यावरून भटकण्यात, शिकारीत, मासे पकडण्यात जातात आणि तो खोकला आपण विसरूनही जातो.

मी एका तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. थुंकीच्या नमुन्याची काचपट्टी झील-नील्सन पद्धतीने रंगवली की निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू बारीक लालसर काड्यांसारखे दिसतात. माझ्या नोकरीच्या वर्षांत मी अशा असंख्य पट्ट्या पाहिल्या आहेत. त्यामुळे गेमच्या उत्तरार्धात आर्थरला रस्त्यावर चालता चालता खोकल्याची उबळ येऊन तो कोसळतो, तेव्हा डॉक्टरने निदान सांगण्याआधीच मला ते कळले, आणि जंतू कुठून आले हेही त्याच क्षणी कळले. माझ्या अंगठ्याखालच्या त्या बटणातून. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला तो १८८२ साली आणि स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. आर्थर नेमका या दोन वर्षांच्या मधल्या दरीत उभा आहे. आपल्याला काय झाले आहे हे त्याला सांगता येते, पण त्यावर देण्यासारखे औषध कोणाजवळ नाही. माझ्या खिडकीशी अहवाल घ्यायला येणारा, केळीच्या घडांचे ट्रक भरणारा रावेरकडचा मजूर सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन बरा होतो, हे मला रोज दिसते. म्हणूनच आर्थरचे मरण मला इतके आतून लागले असावे.

व्यवसायाची खोड म्हणून एक तक्रार नोंदवतो. उघड्या शेतावर एकदा कोणी तोंडावर खोकले म्हणून क्षय होणे तसे दुर्मीळच. बहुधा बंद जागेत, दीर्घ काळच्या सहवासात तो पसरतो. पण लेखकांना ही सूट द्यायला माझी हरकत नाही, कारण त्यांनी पुढे जे केले आहे ते विलक्षण आहे. निदानानंतर आर्थरचे शरीर खेळणाऱ्याच्या हातातच झिजू लागते. त्याला कितीही खाऊ घाला, अंगावर मांस चढत नाही. आधी सहज पेलणाऱ्या गोष्टींनी तो लवकर थकतो. हे कोणी संवादातून सांगत नाही, ते बोटांना समजते. पुढे डाउन्सच्या विधवेची, तिला कोणत्या थराला जाऊन पोट भरावे लागते आहे हे दाखवणारी भेट होते, तेव्हा तिला मदत करावी की टाळून निघून जावे हे गेम आपल्यावर सोडतो. आपण चांगुलपणाने खेळलो असलो, तर एका रेल्वे स्थानकावर आर्थर एका ख्रिस्ती जोगिणीजवळ आपल्याला भीती वाटते अशी कबुली देतो. सहा फुटी, बंदूकधारी, मितभाषी माणसाची ती कबुली ऐकून मी गेम थांबवून गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो. आणि शेवटच्या पळापळीत त्याचा घोडा गोळी लागून पडतो, तेव्हा मागे शत्रू असतानाही आर्थर त्याच्याजवळ बसून त्याचे आभार मानतो. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या घरातल्या माणसाला हे प्रसंग समजावून सांगावे लागत नाहीत.

या गेमचे संवाद उत्तम आहेत, पण माझे इंग्रजी बेताचे असल्यामुळे अर्धे मला उपशीर्षके थांबवून वाचावे लागले. खरे लेखन संवादात नसून, खेळणाऱ्याकडून कोणती गोष्ट केव्हा करवून घ्यायची या निवडीत असते, हे मला ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ने पटवले. २०१३ साली आलेल्या या छोट्या गेमचा दिग्दर्शक जोसेफ फारेस हा मूळचा लेबनॉनचा आणि स्वीडनमध्ये आधी चित्रपट करणारा माणूस. आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेले दोन भाऊ ही इतकीच गोष्ट आहे. पात्रे बोलतात ती भाषा बनावट आहे आणि तिला उपशीर्षके नाहीत, म्हणजे न्यूयॉर्कचा खेळाडू आणि चोपड्याचा खेळाडू तिच्यापुढे सारखेच अडाणी. कंट्रोलरची डावी काडी (अंगठ्याने फिरवायचा छोटा दांडा) थोरल्या भावाची आणि उजवी धाकट्याची. दोन्ही हातांनी दोघांना एकाच वेळी चालवायचे असल्यामुळे पहिला अर्धा तास दोघे एकमेकांवर आदळत राहतात आणि मग कधी तरी, नकळत, डावा हात थोरला होतो आणि उजवा धाकटा.

आई बुडून गेल्यामुळे धाकट्याला पाण्याची भीती आहे. पाणी आले की तो थोरल्याच्या पाठीला घट्ट धरतो आणि पोहायचे काम डाव्या हाताचे. शेवटाकडे थोरला मरतो. त्याला पुरण्याचे काम गेम आपल्याकडूनच, फक्त उजव्या हाताने, करवून घेतो. डावा हात कंट्रोलरवर तसाच असतो, पण त्याला आता काही काम उरलेले नसते. परतताना पुराचे पाणी आडवे येते. धाकटा काठावर थबकतो, उजव्या हाताने काहीही दाबा, तो मागेच सरतो. कोणीही काही सुचवत नाही. आणि मग कधी तरी, निव्वळ सवयीने, डाव्या हाताचे बटण दाबले जाते, ते थोरल्याचे बटण, आणि धाकटा पाण्यात उतरतो. या प्रसंगात एक शब्द नाही. तो कागदावर उतरवला तर जेमतेम दोन ओळींचा होतो, चित्रपटात दाखवला तर पोराने धीर केला एवढेच दिसेल. तो फक्त तीन-चार तास दोन भावांना दोन हातांत वागवलेल्या माणसालाच कळतो.

हातांच्या या फोडीचा दुसरा उपयोग मी २०१७च्या ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’मध्ये पाहिला. त्यातला लुइस माशांच्या डबाबंदीच्या कारखान्यात काम करतो. उजव्या हाताने मासा ओढायचा, यंत्राखाली धरून मुंडके उडवायचे, पुढे ढकलायचा, पुन्हा तेच. त्याच वेळी डाव्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यातला राजपुत्र चालवायचा. हळूहळू ते राज्य पडदाभर पसरते आणि तरीही उजवा हात मासे कापतच राहतो, आपल्या लक्षातही न येता. आमच्या गल्लीतला एक मुलगा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात रात्रपाळीला जात असे. त्याला हा प्रसंग खेळायला दिला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, “भाऊ, हे ज्यानं लिहिलं त्यानं मशिनीवर काम केलेलं दिसतंय.” मला त्याहून चांगले परीक्षण अजून वाचायला मिळालेले नाही.

‘द लास्ट ऑफ अस’ची ख्याती सर्वांत मोठी आहे, पण माझ्या मते त्याचे नावाजलेले कितीतरी प्रसंग म्हणजे उत्तम चित्रपटच आहेत. तिथे आपण प्रेक्षक असतो. मला त्यातली शिडी आठवते. गेमभर नायक जोएल आपल्यासोबतच्या पोरीला, एलीला, उंच कठड्यावर चढवतो आणि ती वरून शिडी खाली सोडते. हे इतक्या वेळा होते की कंटाळा येतो. आणि एका भयंकर हिवाळ्यानंतर ती शिडी खाली टाकून, न बोलता, पळत सुटते, कारण तिला पलीकडे जिराफ दिसलेले असतात. मोडक्या शहरात चरणारा तो कळप गच्चीवरून हवा तितका वेळ बघत राहता येतो. आपण हलल्याशिवाय गोष्ट हलत नाही. हुंकारा रोखून धरायची मुभा देणारे लेखक मला फार मोठे वाटतात. याच्या अगदी उलट टोकाला ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा २०१६चा गेम आहे. कर्करोगाने गेलेल्या आपल्या लहानग्या मुलाविषयी रायन आणि एमी ग्रीन या आईवडिलांनी तो इतरांच्या मदतीने केला. त्यात रुग्णालयाच्या खोलीत मूल रडत असते आणि आपण काहीही केले तरी ते थांबत नाही. मी तो पुरा करू शकलो नाही आणि पुन्हा सुरूही करणार नाही.

साध्या संगणकावरही चालेल असे काही विचारणाऱ्यांना मी ‘टू द मून’ सुचवतो. २०११ सालचा, ठिपक्याठिपक्यांच्या जुनाट चित्रांचा हा गेम आहे. मरणाच्या दारात असलेल्या एका म्हाताऱ्याला चंद्रावर जायचे आहे आणि का जायचे आहे हे त्यालाच आठवत नाही. त्याच्या बायकोने घडी घालून केलेल्या कागदी सशांनी घर भरलेले आहे, त्या सशांचा अर्थ लागतो तेव्हा रुमाल जवळ असावा.

पण मला खरोखर अस्वस्थ करून गेला तो २०२३चा ‘वेणबा’. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची ही गोष्ट आहे आणि आईच्या हातच्या, डाग पडून फाटलेल्या पाककृतींच्या वहीवरून इडली, पुट्टू वगैरे करून ती पुढे न्यायची असते. घरातला मुलगा आईला इंग्रजीत उत्तर देतो. भांडत नाही, हिणवत नाही, नुसते इंग्रजीत उत्तर देतो. मी आजीला तेच करत असे. ती अहिराणीत विचारी आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तर देई, कारण अहिराणी गावंढळ आहे असे मला वर्गात कळले होते. तिने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. कळण्याची भाकरी तव्यावर टाकता टाकता ती माझ्या प्रमाण मराठीवर मान डोलवत असे. आमच्या दोघांच्या भाषेत सारखा असलेला एकच शब्द होता, तो म्हणजे रात्री धाब्यावरचा ‘हूं’.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी आली. तिची अकरा वर्षांची मुलगी दुपारच्या उन्हात बाहेर जाता येत नाही म्हणून माझ्याजवळ ‘ब्रदर्स’ घेऊन बसली. दोन दिवसांत तिचे दोन्ही हात तरबेज झाले. तिसऱ्या दिवशी थोरला गेला. आता खड्ड्यापर्यंत त्याला ओढत न्यायचे होते. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “मामा, मी नाही करणार.” मी काही बोललो नाही. पडद्यावर धाकटा मोठ्याच्या शेजारी उभा होता, वारा वाहत होता आणि काहीच घडत नव्हते. पंधरा-वीस मिनिटांनी वीज गेली.

दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला नाही, मीही काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घरातले सगळे जेवून आडवे झाले होते. मी पलीकडच्या खोलीत होतो. टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलेला होता, तरी माती सरकवल्याचा आवाज मला ओळखता आला. मग बराच वेळ शांतता. आणि मग पाण्याचा आवाज.