ग्रिलवरचा उजेडाचा ठिपका: जुन्या ब्रिटिश पिक्चरमधल्या गाड्या, या महिन्याची प्रगती

मंडळी, या महिन्यात पन्नाशीच्या दशकातले तीन ब्लॅक अँड व्हाइट ब्रिटिश क्राइम पिक्चर बघून झाले, १७ गाड्या टिपल्या, त्यातल्या १४ ओळखल्या, दोन अर्धवट सोडल्या आणि एक अजून छळतेय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रात्रीच्या एका सीनवर. पाऊस पडतोय, समोरून काळी सलून (बंद टपाची गाडी) येते, जेमतेम दोन सेकंद, आणि हेडलाइटच्या झोतापुढे बाकी काहीच धड दिसत नाही. बॉडीच्या आकारावरून मी वहीत मॉरिस सिक्स लिहून मोकळा झालो होतो. पण मन मानेना म्हणून एकेक फ्रेम सरकवत बसलो तर दोन हेडलाइटच्या मधोमध, ग्रिलच्या वरच्या टोकाला, शिताएवढा उजेडाचा ठिपका! आधी वाटलं प्रिंटवरचा डाग असेल, पण गाडी वळली तसा तोही गाडीबरोबर सरकला. म्हणजे गाडी वुल्झली कंपनीची! दिवे लावले की ग्रिलवरचा बिल्ला आतून उजळायचा ही त्यांची १९३० च्या दशकापासूनची खूण. वुल्झली ६/८० आणि मॉरिस सिक्स दोन्ही १९४८ च्या, बॉडी बरीचशी एकच, त्यामुळे माझा घोटाळा झाला. ६/८० पोलिसांकडे भरपूर होत्या, आणि इथेही पुढच्याच शॉटमध्ये तिच्यातून पोलीस उतरतात, ते मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही खरंच.

टॅक्सी सोप्या. ड्रायव्हरच्या शेजारी दार नाही, सामान ठेवायला उघडी जागा, की समजायचं ऑस्टिन एफएक्स३. चार दारं दिसली तर १९५८ नंतरची एफएक्स४.

मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू तर मागून दिसली तरी ओळखली, कारण तीच आपल्याकडची हिंदुस्तान मोटर्सची लँडमास्टर. आजोळी शेजारच्या काकांकडे होती, मागच्या सीटवर आम्ही सहा पोरं बसायचो, तो गोल पाठीमागचा भाग विसरणं शक्यच नाही. सिरीज थ्री म्हणजे पुढे आपली अ‍ॅम्बॅसॅडर झाली ती, तिच्या बॉनेटवर लांब पन्हाळी आणि मागच्या मडगार्डला माशाच्या परासारखे बारीक फिन, या दोनच गोष्टी बघायच्या.

मॉरिस मायनरमध्ये पुढची काच बघा, मधे पट्टी असेल तर १९५६ च्या आधीची, आणि हेडलाइट खाली ग्रिलजवळ असतील तर एकदम सुरुवातीची.

आता छळणारी. छोटी दोन दारांची फोर्ड, गल्लीत उभी, पुढून अर्धीच दिसते. जुनी अँग्लिया की १९५३ ची पॉप्युलर? पॉप्युलरमध्ये खर्च वाचवायला क्रोम जवळजवळ काढून टाकलेलं आणि हेडलाइट लहान. इथे बंपर मळकट दिसतोय, पण तो रंग आहे की नुसती सावली तेच कळत नाहीये. याच पिक्चरची जास्त स्वच्छ प्रिंट कुणाकडे असेल तर सांगा, मला फक्त तो डावा हेडलाइट नीट बघायचाय.