आयत्या पिठाचा लसूण-चीज पाव : माझा अनुभव

गेल्या हिवाळ्यात मनगटाचे हाड मोडले आणि प्लास्टर निघाल्यावरही डॉक्टरांनी पीठ मळण्याची परवानगी दिली नाही. पोळ्यांना बाई होत्या. परंतु रविवारी घरी पाव भाजण्याचा माझा अनेक वर्षांचा नेम मोडला, याचे मला फार वाईट वाटत होते. मैदा चांगला दहा-बारा मिनिटे रेटून मळल्याशिवाय त्याला ताण येत नाही आणि ते तर मनगटाचेच काम. अशा वेळी ठाण्यातील घोडबंदर रोडवरील एका मोठ्या दुकानाच्या फ्रीझरमध्ये यीस्ट घालून मळलेल्या मैद्याचे गोठवलेले गोळे दिसले. अर्ध्या किलोची दोन पाकिटे मी घरी आणली आणि त्यांचा तुकडे तोडून खाण्याचा खारा पाव करायचे ठरवले.

हा प्रकार आपल्याला वाटतो तितका परका नाही. बेकरीतील लादीपाव हाही तोडून खाण्याचाच पाव आहे. गोळे एकमेकांना चिकटून भाजले जातात, त्यामुळे आतल्या बाजूंना कवच धरत नाही आणि त्या मऊ राहतात. फरक इतकाच, की या पावात प्रत्येक गोळा लोण्यात बुडवून रचतात. लोण्याच्या थरामुळे गोळे एकजीव होत नाहीत आणि बोटांनी ओढताच अलगद सुटतात. अमेरिकेत गोड दालचिनीचा असा पाव ‘मंकी ब्रेड’ या नावाने प्रसिद्ध आहे आणि त्याचे मूळ हंगेरीतील ‘अरान्य गालुश्का’ या गोड पदार्थात सांगितले जाते. मला मात्र लसूण, कोथिंबीर आणि चीज घातलेला हवा होता, कारण संध्याकाळच्या चहाबरोबर आमच्याकडे गोड कोणी खात नाही.

पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला. मे महिना होता, स्वयंपाकघरातील तापमापी ३३ अंश दाखवत होती आणि मी गोठलेला गोळा सकाळी थेट ओट्यावर ठेवून दिला. दोन तासांनी पाहिले तेव्हा वरचा थर सैल होऊन फुगला होता, त्याला आंबूस वास येत होता आणि बोट खुपसल्यावर मध्यभागी अजून बर्फाचा कडकपणा लागत होता. तरीही मी तुकडे केले, लोणी गॅसवर वितळवून कढत असतानाच त्यात ते बुडवले आणि केकच्या खोल डब्यात तीन थरांत भरले. बाहेरून पाव सुरेख तांबूस झाला. उलटा केला तेव्हा मधले तुकडे कच्च्या मैद्यासारखे चिकट निघाले. सासूबाईंनी कडेचे तुकडे आवडीने खाल्ले आणि म्हणाल्या, “चव छान आहे गं, पण मधे पीठच लागतंय.”

त्या रात्री मी शांतपणे विचार केला, तेव्हा चूक कळली. आयते पीठ आणल्याने मळण्याचे श्रम वाचतात, पण आंबण्याची वेळ सांभाळणे आपल्याकडेच राहते. गोठवल्याने यीस्ट झोपी जाते आणि त्यातले काही मरतेही. उरलेले जागे होते ते ज्या भागाला ऊब मिळेल तिथे आधी. ठाण्याच्या उन्हाळ्यात बाहेरचा थर आंबून जातो आणि गाभा थंडच राहतो. शिवाय साधारण ६० अंशांच्या उष्णतेत यीस्ट मरते, म्हणजे कढत लोण्याने मी उरलेसुरलेही घालवले होते.

दुसऱ्या वेळी पाकिटातील गोळा काढून शनिवारी रात्री नऊ वाजता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आतून तेल लावलेल्या, झाकण असलेल्या डब्यात ठेवले. इतक्या थंडीत यीस्टचे काम जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे गोळा सकाळपर्यंत आतून-बाहेरून सारखाच सैल झाला. मग ६० ग्रॅम खारे लोणी वितळवून कोमट होऊ दिले आणि त्यात किसलेल्या दहा पाकळ्या लसूण, मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर व चिमूटभर तिखट घातले. मीठ मुळीच घातले नाही, कारण लोणी आणि चीज दोन्हींत ते असतेच. मनगटाला ताण नको म्हणून पीठ हाताने न तोडता कात्रीने लिंबाएवढे कापले. पंचवीस तुकडे झाले.

खोल डब्याची अडचण मी एका वाटीने सोडवली. आठ इंची डब्याच्या मध्यभागी बाहेरून लोणी चोपडलेली स्टीलची वाटी उपडी ठेवली आणि तिच्याभोवती तुकडे दोनच थरांत रचले. दोन थरांच्या मधे १०० ग्रॅम किसलेले मोझरेला चीज पसरले. अशी रचना केली की उष्णता आतल्या बाजूनेही पोहोचते आणि कच्चा राहायला मध्यभागच उरत नाही. वरच्या तुकड्यांना मात्र मी लसणाशिवायचे नुसते लोणी लावले, कारण वर राहिलेला लसूण जळून कडू होतो.

पाकिटावर दुसऱ्यांदा फुगायला दीड तास लिहिला होता. मी ओला पंचा झाकून पाऊण तासातच पाहिले, तर तुकडे एकमेकांना भिडले होते आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू अर्धाच भरून येत होता. हीच खूण मी प्रमाण मानते. खळगा तसाच राहिला, तर पीठ जास्त आंबले असे समजावे. ओटीजी (घरगुती विजेची छोटी भट्टी) १८० अंशांवर आधीच तापवून ठेवला होता. वीस मिनिटांनी वरचा रंग आला तेव्हा फॉइल झाकली आणि आणखी बारा मिनिटे भाजले. विणकामाची सुई दोन तुकड्यांच्या मधे नव्हे, तर एका तुकड्याच्या पोटात खुपसून पाहिली. ती स्वच्छ निघाली.

दहा मिनिटे थांबून डबा ताटात उलटा केला आणि वाटी काढून घेतली. सासूबाईंनी आतल्या कडेचा एक तुकडा ओढला, तेव्हा चीजची तार ताटापासून त्यांच्या बोटांपर्यंत लांबत गेली आणि तुकड्याची मऊ बाजू धाग्याधाग्याने सुटली.

उरलेले सहा तुकडे दुसऱ्या दिवशी तव्यावर, पाण्याचा शिपका मारून झाकणाखाली दोन मिनिटे गरम केले आणि ते पुन्हा मऊ झाले.