अठरा शून्य बाइट

नेटवर्कमधला बिघाड शोधताना वायरशार्क या नेटवर्कची वाहतूक दाखवणाऱ्या साधनात फ्रेम, म्हणजे केबलमधून जाणारे माहितीचे एकेक पाकीट, उलगडून पाहण्याची मला सवय आहे. समोरच्या यंत्राकडून आलेली एआरपीची (स्थानिक नेटवर्कवर यंत्राचा पत्ता शोधण्याच्या पद्धतीची) फ्रेम उघडली की तिच्या शेवटी बहुतेक वेळा शून्यांची एक रांग दिसते. यंत्रांना केबलने जोडणाऱ्या इथरनेट या पद्धतीचे शीर्षक १४ बाइटांचे, एआरपीचा मजकूर २८ बाइटांचा, आणि त्यापुढे कसलाही अर्थ नसलेले १८ शून्य बाइट. माझ्या कामाच्या पहिल्या काही वर्षांत मी त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जात असे. ते तिथे का आहेत हे कळल्यापासून मात्र नेटवर्किंगची मानके, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे ठरलेले नियम, हा इतिहासाचाच विषय आहे, आणि त्या मानाने तो फार कमी अभ्यासला जातो, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्या शून्यांचे कारण एका जाड केबलमध्ये आहे. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली, तेव्हा सगळी यंत्रे एकाच केबलला जोडलेली असत. दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली की संकेतांची टक्कर होई, आणि ती झाल्याचे पाठवणाऱ्याला कळणे आवश्यक होते. केबलच्या एका टोकाकडून निघालेला संकेत दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेपर्यंत तिथल्या यंत्राने बोलायला सुरुवात केलेली असू शकते, आणि त्या टकरीची खबर परत यायलाही तेवढाच वेळ लागतो. तोवर पहिल्याचे बोलणे संपलेले असेल, तर टक्कर आपल्याच फ्रेमची झाली हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून फ्रेम किमान इतकी लांब हवी की जाऊन येण्याच्या सबंध काळात ती चालूच राहील. सेकंदाला १० मेगाबिट हा वेग आणि सुमारे अडीच किलोमीटरचा कमाल पल्ला धरून ही मुदत ५१.२ मायक्रोसेकंद ठरली. तेवढ्या वेळात ५१२ बिट, म्हणजे ६४ बाइट जातात. एआरपीची फ्रेम शेवटचे ४ तपासणी-बाइट धरूनही ४६ बाइटांचीच होते, आणि उरलेली जागा ते १८ शून्य भरून काढतात.

आज स्विचला, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीला, जोडलेल्या प्रत्येक यंत्राला येण्याजाण्याचे स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे टक्कर होतच नाही. मूळ कारण संपले, तरी ६४ हा आकडा टिकला, कारण त्याहून लहान फ्रेम आली तर ती मोडकी समजून टाकून द्यायची हे यंत्रांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत मुरलेले आहे. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली मिळून प्रसिद्ध केलेला आणि पुढे आयईईई ८०२.३ या मानकात गेलेला हा निर्णय आज आपल्या टेबलाखालच्या केबलमधून वाहतो आहे. जुन्या वास्तूच्या भिंती पाहून ती बांधणाऱ्यांच्या गरजा ओळखाव्यात, तसे हे आकडे वाचता येतात.

यंत्रांचे स्मारक करणे सोपे असते, कारण ती काचेच्या कपाटात ठेवता येतात. मानक हा मात्र एक करार असतो, आणि करार तसा ठेवता येत नाही. मेटकाफ यांना २०२२ सालचा संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार देताना इथरनेटच्या शोधाबरोबर त्याच्या मानकीकरणाचाही स्पष्ट उल्लेख झाला, याचे मला फार समाधान वाटले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना एकाच फ्रेमच्या रचनेवर सहमत करणे हे शोधाइतकेच मोठे काम होते.

या बाबतीत इंटरनेटची मानके मांडणारी आरएफसी ही दस्तऐवजमाला मला सर्वांत मोलाची वाटते. स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी तिचा पहिला अंक लिहिला, तेव्हा ते विद्यार्थीदशेतच होते. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात त्यांनी लिहिण्याचे नियम घातले आणि टिपण अगदी एका वाक्याचे असले तरी चालेल, असे सांगितले. अधुरा विचारही लोकांनी न संकोचता मांडावा, हा त्यामागचा हेतू होता. आरएफसी म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, ‘अभिप्रायासाठी विनंती’; हे नावही त्याच वृत्तीतून आलेले आहे.

या मालेचा आणखी एक नियम इतिहासाच्या दृष्टीने अमूल्य आहे. एकदा प्रसिद्ध झालेला मजकूर पुन्हा बदलत नाहीत. सुधारणा करायची असेल, तर नव्या क्रमांकाने नवा दस्तऐवज काढावा लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली आलेल्या आरएफसी ७९३ ने टीसीपीची, म्हणजे इंटरनेटवर माहिती खात्रीने पोहोचवण्याच्या नियमांची, व्याख्या केली, आणि तिची जागा ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने घेतली. नव्या दस्तऐवजाच्या पहिल्याच पानावर, तो ज्यांची जागा घेतो त्या जुन्या क्रमांकांची यादी आहे आणि तिच्या आरंभी ७९३ आहे. तो क्रमांक उघडला की पोस्टेल यांचा मूळ मजकूर आजही जसाच्या तसा वाचायला मिळतो.